बोंड, साल, पान

जालना जिल्ह्याची ओळख करून देताना बियाणं, पोलाद आणि मोसंबी ही तीन नावं हमखास येतात. कापसाचं नाव घ्यावं लागत नाही, तो दिसतोच. दिवाळीच्या आगेमागे भोकरदनकडे जा, अंबडकडे जा किंवा मंठ्याकडे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुटलेली बोंडं आणि जिनिंगकडे निघालेल्या फुगीर ट्रॉल्या. त्यामुळे तंतू देणाऱ्या वनस्पतींवरचं पुस्तक या जिल्ह्यात बसून लिहायचं म्हटलं, तर ते कापसाचंच होणार असं कुणालाही वाटेल. या पुस्तकात कापूस आहे, भरपूर आहे. पण निम्मी पानंही त्याच्या वाट्याला आलेली नाहीत. मला ते योग्य वाटतं, आणि का वाटतं हे सांगण्यासाठीच ही लांबलेली प्रस्तावना.

कापूस हा इथला विकायचा धागा. गाव चालायचं ते दुसऱ्याच धाग्यांवर. बैल बांधला जायचा अंबाडीच्या वाखाने, विहिरीतलं पाणी वर यायचं त्याच वाखाच्या नाड्याने, बाज विणली जायची सुंभाने, घर झाडलं जायचं शिंदीच्या पात्यांनी आणि भिंतीला चुना लागायचा पळसाच्या मुळ्या ठेचून केलेल्या कुंचल्याने. यातलं काहीही मोंढ्यात जात नसे, म्हणून त्याचा हिशेबही कुणी ठेवला नाही. पीकपाहणीला आलेला तलाठी सातबाऱ्यावर कापूस लिहायचा, ज्वारी लिहायचा. धुऱ्याकडेच्या अंबाडीच्या दोन ओळी तो कशाला लिहील? कागदोपत्री जे नसतं ते इतिहासातूनही सुटतं. या पुस्तकाची धडपड मुख्यतः या सुटलेल्या ओळींसाठी आहे.

आधी थोडं वनस्पतिशास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. झाड धागा देतं तो मुख्यतः तीन जागांवरून. कापसाचा तंतू बियांवर उगवतो. सरकीच्या सालीवरची एकच पेशी लांबच लांब वाढते, बोंड उमललं की वाळून चपटी होते आणि आपोआप पीळ खाते. हा निसर्गाने दिलेला पीळ आहे म्हणून टकळीवर कापसाचं सूत धरतं. अंबाडीचा आणि तागाचा तंतू खोडाच्या सालीत असतो. झाडाला उभं ठेवणारे ते जुडगे आहेत, म्हणून दणकट, आणि म्हणूनच अंगाला टोचणारे. केकताडाचा, म्हणजे घायपाताचा तंतू पानात असतो. बोंड, साल, पान: या तिन्ही ठिकाणांहून तो सोडवून घेण्याची रीत वेगळी, त्याला लागणारं पाणी वेगळं आणि तो सोडवणारी माणसंही वेगळी. कापूस, अंबाडी आणि भेंडी एकाच कुळातल्या, हे त्यांची फुलं शेजारी ठेवली की लगेच पटतं. पण एक भावंड शेताच्या मधोमध आणि दुसरं बांधाच्या कडेला, ही वाटणी माणसाने केली.

अंबाडीजवळ जरा थांबायला हवं. मृगाच्या पेरणीत ज्वारी, तूर किंवा कापसाच्या कडेने तिच्या ओळी टाकत. पीक हातभर झालं की घरातल्या बाईचा खुडा सुरू होई. अंबाडीची आंबट भाजी, तिच्यात ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची चरचरीत फोडणी आणि सोबत भाकरी: मराठवाड्यातल्या पावसाळ्याची चव ती हीच. लाल अंबाडीच्या बोंडांची चटणी, बियांचं तेल, उरलेली ढेप ढोरांना. धागा ही या झाडाची शेवटची देणगी, आणि तिथेच घरातल्या घरात एक झगडा असे. धागा उत्तम हवा तर झाड फुलावर आलं की कापावं लागतं. बी पक्कं होईपर्यंत थांबलं की साल राठ होते, वाख जाडाभरडा निघतो. पुढच्या वर्षीचं बी, तेल आणि चटणी एका पारड्यात, चांगला दोर दुसऱ्या पारड्यात. बहुतेक घरं काही झाडं फुलावर कापत आणि काही बियांसाठी उभी ठेवत. शेतीशास्त्राच्या पुस्तकात ही तडजोड सापडत नाही, पण तिच्यात अक्कल होती.

कापलेल्या अंबाडीच्या पेंढ्या बांधून नाल्याच्या डोहात बुडवायच्या, वर दगड ठेवायचे आणि दहा-पंधरा दिवस तिकडे फिरकायचं नाही. पाण्यातले जिवाणू सालीला लाकडाशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन खाऊन टाकतात. त्याचा वास शिवारभर सुटतो. पिण्याच्या पाण्यात अंबाडी घातली म्हणजे भांडण ठरलेलं. एक काडी उपसून साल ओढून पाहायची: सुळकन निघाली तर झालं, अडली तर अजून दोन दिवस. लवकर काढलं तर वाखाला सालपटं चिकटून राहतात. उशीर झाला तर तंतूच कुजतो आणि दोर पहिल्या हिसक्याला तुटतो. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून साल सोलायची, आपटून धुवायची, उन्हात वाळवायची. हातांना भेगा पडत. ही सगळी प्रक्रिया एका गोष्टीवर उभी होती: पावसाळा संपल्यावरही नाल्यात साचून राहणारं पाणी. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि तोही अधूनमधून पाठ फिरवणाऱ्या जिल्ह्यात हे पाणी काही कायमचं नव्हतं. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीला आठवतो, २०१२-१३ चा सगळ्यांनाच. त्या वर्षी मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या. अंबाडी भिजवायला पाणी कोण देणार होतं?

वाख निघाला की तो दोर वळणाऱ्या मातंगाच्या अंगणात जाई. इथून पुढचा भाग या पुस्तकातला सर्वांत मोलाचा आहे आणि तो हळहळत वाचू नये असं मला वाटतं. वाख विंचरून, फिरकीला अडकवून पीळ द्यायचा, त्याचा पेड तयार करायचा, मग तीन पेड एकमेकांत उलट बाजूने वळायचे. खरी करामत या उलट वळण्यात आहे: प्रत्येक पेड उलगडू पाहतो आणि त्याची ती धडपडच शेजारच्या पेडांना आवळून धरते. ओढ जितकी जास्त, तितकी पकड घट्ट. मोटेच्या नाड्याला दीड-दोनशे लिटर पाण्याचं ओझं दिवसभर वरखाली करायचं असे. मोटेचं तोंड उघडणारा सोंदूर त्याहून बारीक, पण त्याचीही लांबी-जाडी नेमकी लागे. बैलाचा कासरा वेगळा, दावं वेगळं, नाकातली येसण वेगळी. येसण राठ झाली तर जनावराच्या नाकाला जखम होते. कोणत्या कामाला किती पेड, किती पीळ आणि कोणता वाख हे ज्ञान कुठल्याही शाळेत शिकवलं जात नव्हतं आणि ज्यांच्याकडे ते होतं त्यांना शाळेची दारं बराच काळ बंद होती.

पोळ्याच्या आधी नवे कासरे, मोरक्या, गोंडे पोचते व्हायचे. त्या दिवशी बैल सजून वेशीत मानाने उभा राही. त्याच्या अंगावरचा प्रत्येक दोर ज्याने वळला तो मात्र बाजूला, आणि त्याच्या कष्टाचा मोबदला खळ्यावरचं बलुतं: वर्षातून एकदा, मालकाच्या मर्जीने मोजलेलं धान्य. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झालं. बलुत्याच्या व्यवस्थेचा आराखडा त्यात मिळतो, पण तो गाव पाहणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला आहे. दोर वळणाऱ्याच्या बाजूने तोच गाडा कसा दिसत होता हे ऐकायला हवं होतं, आणि पुढच्या एका प्रकरणात ते ऐकू येतं. म्हणूनच ‘पारंपरिक कला लोप पावत आहे’ अशा सुरातल्या लेखांचा मला कंटाळा येतो. मुलाने दोर वळणं सोडलं आणि तो पुण्या-मुंबईला गेला, यात लोप पावण्यासारखं काय होतं आणि सुटका होण्यासारखं काय होतं, हे त्यालाच विचारावं.

नायलॉनने वाखाला मारलं असं सरधोपटपणे म्हणतात. ते अर्धसत्य आहे. नायलॉन स्वस्त, पाण्यात न कुजणारं आणि बाजारात केव्हाही मिळणारं, हे खरं. पण ते येण्याआधीच वाखाखालचे खांब एकेक निखळत होते. विहिरीवर विजेची मोटर बसली आणि नाडा-सोंदराची गरज एका पिढीत संपली. ट्रॅक्टर आला, बैलजोड्या कमी झाल्या, कासरे कमी झाले. बलुतं मोडलं, ते मोडायलाच हवं होतं. पण मग दोराचा रोख भाव द्यायची वेळ आली तेव्हा शेतकऱ्याला बाजारातली नायलॉनची गुंडी परवडली. धुऱ्यावरच्या अंबाडीच्या जागी तणनाशक आलं. नायलॉनचा कासरा जनावराच्या मानेला काचतो, हाताला सोलतो आणि तुटला की उकिरड्यात वर्षानुवर्षं पडून राहतो, ही तक्रार अजूनही बैल असलेल्या प्रत्येक घरात ऐकू येते. तरी तोच वापरला जातो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण म्हणतो. जालन्याच्या खेड्यांत सुंभही गेला आणि पीळ देणारे हातही.

अंबाडीला कारखान्याचा रस्ता कधीच सापडला नाही का? दुसरीकडे सापडला होता. १९४७ च्या फाळणीत ताग पिकवणारा मोठा प्रदेश पूर्व पाकिस्तानात गेला आणि गिरण्या हुगळीकाठी राहिल्या. कच्चा माल हवा म्हणून सरकारने अंबाडीला ‘मेस्टा’ या व्यापारी नावाने उचलून धरलं. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या बिमलीपट्टणमचा माल तर ‘बिमली ताग’ म्हणून आधीपासून परिचित होता. धान्य आणि साखर तागाच्या पोत्यांत भरण्याची सक्ती करणारा कायदा १९८७ साली झाला, त्याचाही लाभ पूर्व भारताला मिळाला. आपल्याकडे अंबाडी पोत्यापर्यंत गेलीच नाही, भाजी आणि दाव्यापुरती राहिली. इथला शेतकरी ज्याला ताग म्हणतो तो बंगालचा ताग नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो: इथला ताग पिवळ्या फुलांचा, शेंगवर्गीय, आणि आता तर तो केवळ हिरवळीचं खत म्हणून गाडण्यासाठी पेरतात. त्याच्या सालीतून पातळ, चिवट कागदाला लागणारा उत्तम तंतू निघतो, हे गाडणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नाही.

केकताडाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचं प्रकरण स्वयंपूर्ण आहे. हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं. इकडे कुंपण म्हणून आलं, रेल्वेच्या कडेने लावलं गेलं आणि माळावर रुळलं. त्याला पाणी लागत नाही, ढोरं तोंड लावत नाहीत. पान ठेचून खरवडलं की पांढराशुभ्र लांब वाख मिळतो आणि अंबाडीसारखा डोह लागत नाही. मात्र त्याच्या रसाने अंग असं खाजतं की एकदा काढणारा दुसऱ्यांदा विचार करून पान तोडतो.

आता थोडं मागे जाऊ. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत या गावच्या दात्यांचा उल्लेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथे दान देण्याइतका पैसा होता आणि तो बहुधा व्यापारातून आला होता. शेजारचं पैठण आणि पलीकडचं तेर या बाजारपेठांचं वर्णन पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’ या पुस्तकात आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून साधं कापड, तलम कापड असं सगळं गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जाई. गाड्या ओढणारे बैल ज्या दोरांनी जुंपले होते त्यांची नोंद त्या नाविकानेही केलेली नाही. त्याहून मागे, पुणे जिल्ह्यातल्या चांदोलीच्या ताम्रपाषाणयुगीन उत्खननात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, ती जवसाच्या धाग्यात ओवलेली. जवस आजही मराठवाड्यात पेरतात, पण चटणीसाठी आणि तेलासाठी. त्याच जातीच्या झाडापासून युरोपात लिनन होतं.

कागदासाठी जिल्ह्याची हद्द ओलांडावी लागते, फार नाही. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणारं कागजीपुरा हे गाव नावातच धंदा घेऊन बसलं आहे. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादेला हलवली, तिच्याबरोबर कागदी कारागीर आले, असं तिथे परंपरेने सांगतात. त्यांचा कच्चा माल काय होता, तर चिंध्या, जुने दोर, तागाचे तुकडे. चुन्यात मुरवायचे, कुटायचे, धुवायचे, लगदा हौदात कालवायचा, गवताच्या बारीक चटईवर एकेक ताव उचलायचा, भिंतीला चिकटवून वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. म्हणजे कापसाचं आधी धोतर, मग चिंधी, मग कागद. अंबाडीचं आधी दावं, मग तुटका दोर, मग तोही कागद. दख्खनच्या दफ्तरांत दौलताबादी कागदाला मान होता. त्या तावांत कुणाकुणाची लुगडी आणि कुणाकुणाच्या बैलांची दावी असतील, याचा विचार मोडी वाचणाऱ्या अभ्यासकांनी एखादवेळी करायला हरकत नाही.

आणि या कागदाची किंमत ओळखणारा माणूस जालना जिल्ह्यातलाच. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ चा, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं काढावं, ओळीला ओळ कशी लागू देऊ नये, बोरू कसा असावा हे तर त्यात आहेच. पण मला सर्वांत आवडतो तो समासाबद्दलचा सल्ला. चहूबाजूंनी कोरी जागा सोडून मधोमध लिहावं, म्हणजे कागद कडेने झडला तरी अक्षराला धक्का लागत नाही. ज्याने जुन्या पोथ्यांच्या झिजलेल्या कडा हाताळल्या आहेत, कागदाचा तंतू कुठून सुटायला लागतो हे पाहिलं आहे, त्यालाच हे सुचतं.

कापसाच्या प्रकरणांविषयी मी मुद्दाम उशिरा बोलतो आहे. निजामाच्या काळात मराठवाड्याचा गावरानी कापूस नावाजलेला होता: देशी जातीचा, खोल मुळांचा, पावसाने ओढ दिली तरी तग धरणारा. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यावरून गेली आणि सरकी काढून, दाबून, गाठी बांधून माल मुंबईला पाठवणं सोपं झालं. घरी कापूस लोढणं, पिंजाऱ्याकडून पिंजून घेणं, पेळू करणं हे हळूहळू गादी-उशीपुरतं उरलं. पुढे अमेरिकी जातींनी देशी कापसाला बाजूला सारलं. १९७० साली सुरतेला पहिला संकरित कापूस, एच-४, बाहेर आला आणि इथून जालन्याच्या वाट्याला वेगळंच काम आलं.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणं कंपनी सुरू केली. त्यांची सुरुवात भेंडीच्या बियाण्यापासून झाली, कापसाच्या आणि अंबाडीच्या त्याच कुळातून. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना देशभर बियाण्याचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं ते त्यांच्यामुळे. पण संकरित सरकी कारखान्यात होत नाही, शेतात होते: संध्याकाळी एकेक कळी उघडून तिच्यातले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचे परागकण तिला लावायचे, धागा बांधून खूण करायची. हे काम बायकांनी केलं, हजारो कळ्यांवर, हंगामामागून हंगाम. बियाण्याच्या पाकिटावर कंपनीचं नाव असतं. दोर वळणाऱ्याची आणि कळी उघडणारीची गोष्ट इथे एकाच रांगेत येते, आणि पुस्तकाने ती तशी लावली याचा मला आनंद आहे.

२६ मार्च २००२ रोजी देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, ती महिकोच्याच तीन वाणांना. पहिली काही वर्षं हिरव्या बोंडअळीपासून सुटका झाली, फवारण्या घटल्या, उत्पन्न वाढलं. हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर बोंडं आतून पोखरली. तोवर तिला बीटीची सवय झाली होती. लांब मुदतीचे वाण आणि त्यावर फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही तेच पीक उभं ठेवून पुन्हा कापूस, घेण्याचा मोह, यामुळे अळीला जवळजवळ वर्षभर घर मिळालं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कापसात लांब धाग्याचे वाण काढले आहेत. कमी पाण्याच्या जमिनीत ते कसे येतात याचं या पुस्तकातलं वर्णन संयमाने लिहिलेलं आहे. देशी म्हणजे सगळं चांगलं, असा भाबडेपणा त्यात नाही. देशी बोंड उमलल्यावर कापूस जमिनीवर गळतो, तो वेळेत वेचायला मजूर लागतात आणि मजूर मिळत नाहीत, हेही तिथेच सांगितलं आहे.

आकडे वाचताना गोंधळ नको म्हणून एवढं लक्षात ठेवावं: शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी. रुईची गाठ १७० किलोची, खंडी ३५६ किलोची. शेतकरी क्विंटलने विकतो, बाजार खंडीने बोलतो. भावाच्या बातम्या वाचताना शेतकऱ्याची फसगत इथेच होते. मोंढ्यात त्याच्या हातात पडणारी नोटही कापसाचीच: भारतीय चलनी नोटांचा कागद शंभर टक्के कापसापासून होतो.

कापूस वेचून झाला की उरते पऱ्हाटी, हेक्टरी दोन-तीन टन. ती चुलीत जाते किंवा बांधावर पेटवली जाते. तिच्यापासून कागदाचा लगदा आणि दाबलेल्या फळ्या होऊ शकतात हे मुंबईच्या माटुंग्यातल्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने बऱ्याच वर्षांपूर्वी दाखवून दिलं. ही संस्था १९२४ पासून काम करते आहे. अडचण तंत्राची नाही, वाहतुकीची आहे. पऱ्हाटी हलकी आणि पसरट. एक ट्रॉली भरली तरी वजन होत नाही, आणि सगळ्या गावांची पऱ्हाटी एकाच दोन महिन्यांत निघते. गावातच तुकडे करून दाबून पाठवली तर हिशेब जमू शकतो, शिवाय पऱ्हाटीत दडलेली बोंडअळीही शेतातून लवकर बाहेर जाते. शेवटच्या प्रकरणात हा हिशेब मांडला आहे. तो मला पूर्ण पटलेला नाही, डिझेलचा खर्च त्यात कमी धरल्यासारखा वाटतो; पण वाद घालण्याजोगा नक्कीच आहे.

पुस्तक क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. शेती करणाऱ्याने कापसापासून सुरुवात करावी, विद्यार्थ्याने अंबाडीपासून. ज्याला एकच प्रकरण वाचायला वेळ आहे त्याने दोराचं वाचावं, आणि जमल्यास ते एखाद्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून, म्हणजे त्यात काय सुटलं आहे तेही कळेल.